हौसाबाईंच्या खोडव्यातली माशी

आई काय काम करते, असं शाळेत विचारलं की माझी मुलगी सांगायची, "आई माश्यांना जेवायला घालते." एका पालकसभेत तिच्या बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, तुमचं खाणावळीचं वगैरे काही आहे का? मी नाही म्हणाले, पण मुलीचं उत्तर अगदी खरं होतं. राहाता तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या जैविक प्रयोगशाळेत मी सगळी नोकरी काढली आणि त्या नोकरीत मुख्यतः माश्यांच्या जेवणाची सोय बघितली.

माशी म्हटल्यावर जी डोळ्यांसमोर येते ती ही नव्हे. ही गांधीलमाशीच्या कुळातली, पण इतकी बारीक की मोहरीच्या दाण्यावर दोघी-तिघी ऐसपैस बसतील. काळं अंग, पाठीवर पिवळा ठिपका, आणि तोही भिंगातून पाहिला तरच दिसणारा. माणसाला चावत नाही. तिची नांगी अंडी घालण्यापुरती. उसाच्या पानामागे लोकरी मावा नावाची कीड बसते, कापूस पिंजून चिकटवावा तशी पांढरी. त्या माव्याच्या अंगात ही माशी अंडं टोचते. अंड्यातून निघालेली अळी माव्याला आतून खाऊन संपवते, त्याच्याच रिकाम्या कातड्यात कोष करते आणि तीनेक आठवड्यांनी त्याला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. बाहेर पडली की लगेच पुढच्या माव्याच्या शोधात. आमचं शास्त्र एवढंच.

पण मावा कमी नाही. तो उसाचा रस पितो आणि गोड चिकटा खालच्या पानांवर सांडत राहतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. पान खालून पांढरं आणि वरून काजळी फासल्यासारखं काळं दिसलं की समजायचं. काळ्या पानाला ऊन लागत नाही, ऊस पोसत नाही, साखरेचा उतारा घटतो आणि गाई त्याच्या वाढ्याला, म्हणजे शेंड्याच्या पाल्याला, तोंड लावत नाहीत. माव्याच्या मादीला नराची गरज पडत नाही. ती एकटीच थेट जिवंत पिल्लं टाकते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिल्लं तयार असतात. तोवर ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो. पंप घेऊन आत शिरायचं म्हटलं तर शिरता येत नाही, आणि वरून मारलेलं औषध पानाखाली पोचत नाही. जे थोडंफार पोचतं त्यानं आधी आमची माशी मरते. मावा लोकर पांघरून बसलेला.

माशी द्यायची म्हणजे आम्ही काय द्यायचो? मारलेल्या माव्याची पानं. म्हणजे ज्या माव्याच्या पोटात माशी वाढते आहे अशा पानाचे तुकडे कापायचे आणि शेतकऱ्यानं नेऊन ते आपल्या उसाच्या पानाखाली टाचायचे. हे समजावून सांगता सांगता माझा घसा बसायचा. एकदा एका गृहस्थांनी कागदाची पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाले, "ह्यात मावाच हाय की, मॅडम."

"हो, पण मेलेला."

"मेलेला घिऊन काय करू? माझ्याकडं जिता लई हाय."

नागापूरच्या एमआयडीसीतले एक इंजिनिअर तर गच्चीवरच्या जास्वंदीसाठी माशी मागायला आले. मी सांगितलं, जास्वंदीचा मावा वेगळा, आमची माशी त्याच्याकडे ढुंकून पाहणार नाही, ती फक्त उसाच्या लोकरी माव्यावर जगते. त्यांना पटेना. हट्टानं चार पानं घेऊन गेले. पुढच्या महिन्यात फोन आला, "मॅडम, तुमच्या माशीनं राजीनामा दिला."

माशी दुसऱ्या कशावर जगत नाही, यातच आमच्या धंद्याची सगळी अडचण आहे. माशी पाळायची तर मावा पाळावा लागतो आणि मावा पाळायचा तर त्याला ऊस द्यावा लागतो. म्हणून प्रयोगशाळेच्या मागं आमचं एक जाळीघर होतं. त्यात ऊस लावलेला, उसावर मुद्दाम सोडलेला मावा आणि माव्यावर माशी. कारखान्याच्या वार्षिक सभेत एक सभासद माईक हातात घेऊन म्हणाले होते, "आमी मावा मारायला औषध मागतो आन् कारखाना आमच्याच पैशानं मावा पाळतो!" मांडव हसून कोसळायचा बाकी होता. माझे वडील याच कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे ऊस आत गाळायला नेणाऱ्या पट्ट्यावर, ऊस टाकायला होते. ते सभेला मागं उभे असायचे. त्यांनी घरी आल्यावर विचारलं, "खरंच पाळते का गं तू?" मी म्हणाले, हो. ते म्हणाले, "मग नीट पाळ."

पुढं काही वर्षं उन्हाळे कडक गेले, पाऊस बेताचे पडले आणि मावा दिसेनासा झाला. मावा नाही तर जाळीघर कशाला, असा प्रश्न वर निघाला. मी बोलायचं ते बोलले. जाळीघर रोपवाटिकेला द्यायचं ठरलं. आमच्याकडं भाऊसाहेब म्हणून शेतकी खात्याचे जुने माणूस होते. कोणाचा ऊस कुठं, किती, कधी लागला याची नोंद करणाऱ्या माणसाला कारखान्यात स्लिपबॉय म्हणतात. भाऊसाहेबांना नातवंडं झाली तरी ते स्लिपबॉयच होते. जाळीघर रिकामं करायच्या दिवशी ते म्हणाले, "मॅडम, उकिरड्यावर टाकन्यापरीस मी नेतो." शेवटची पानं त्यांनी पिशवीत भरली आणि कालव्याच्या चारीच्या कडेच्या गावांना जाता जाता, ज्या उसात पांढरं दिसेल तिथं टाचून आले. मी त्याकडं निरोपाचा सोपस्कार म्हणून पाहिलं.

आणि मग ते ओलं वर्ष आलं. आषाढापासून जे ढग बसले ते हलेचनात. मोबाईलवर फोटो यायला लागले. आधी एका गावातून, मग चारीच्या दोन्ही बाजूंनी. पांढरी पानं, काळी पानं. लोक शेतकी अधिकाऱ्यांच्या दारात उभे. हे आमचे साहेब, वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बोलावून सरळ विचारलं, "मॅडम, तुमची माशी कुठं आहे? असेल तर द्या. नसेल तर मी लोकांना काय सांगू?"

ओळखीच्या सगळ्या प्रयोगशाळांना फोन केले. सगळीकडं आमच्यासारखंच झालं होतं. मावा गेला, माशी गेली, जाळीघरात दुसरंच काही ठेवलंय. साहेबांनी ड्रोनच्या फवारणीला होकार दिला आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही दिला असता.

ड्रोन वरून फवारत गेले. चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा पांढरं. एका शेतकऱ्यानं तर इतकी वेळा फवारलं की शेवटी वैतागून उभा ऊस जनावरांना घालायला काढला, आणि जनावरं खाईनात. मी त्याच्या बांधावर जाऊन ते पाहिलं. तो ऊस आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आमची माशी हाताशी असती तर तो वाचला असता.

त्याच्या बांधावरून परत येताना भाऊसाहेब गाडी थांबवून म्हणाले, "मॅडम, मी टाचलेली पानं हायेत की कुटंतरी. बघायला काय जातंय?"

मला ती आशा खोटी वाटत होती, पण हाताला काम हवं होतं. भाऊसाहेबांच्या मोटरसायकलवर मागं बसून, गळ्यात भिंग अडकवून आम्ही चारीच्या कडेनं गाव न् गाव पालथं घातलं. त्यांना आठवणारा प्रत्येक ऊस पाहिला. कुठं ऊस मोडून कांदा लावलेला, कुठं पंप फिरलेला, कुठं ड्रोन. जिथं औषध पडलं होतं तिथं मावा जिवंत आणि माशीचा मागमूस नाही. मी पानं उलटून उलटून हात कापून घेतले. संध्याकाळी घरी आले की मुलगी हळद लावून द्यायची.

हौसाबाईंचा खोडवा अगदी शेवटी पाहिला. खोडवा म्हणजे एकदा तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस. हौसाबाई एकट्या राहायच्या. दावणीला चार गाई, आणि त्या गाईंच्या जिवावर त्यांचं सगळं चालायचं. आम्ही गेलो तेव्हा त्या गोठ्यात शेण भरत होत्या.

"मावशी, तुमच्या उसातला मावा पाहायचाय."

"बघा की. सारं गाव बघून शिव्या दिऊन गेलंय. तुमीबी द्या."

"शिव्या कशाला?"

"मी फवारलं न्हाई म्हनून. वाढं गाईला घालते मी. औषदाचं वाढं गाईनं खाल्लं तर दूध कुनाला पाजू? मागं एक कालवड गेली माझी तसलं खाऊन. तवापासून वावरात औषद येऊ दिलं न्हाई."

मी उसात शिरले. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की पानं जितकी काळी असायला हवी होती तितकी नव्हती. शेंड्याकडची दोन पानं तर चक्क हिरवी होती. मी एक पान उलटं केलं. माव्याची वसाहत होती, पण लोकर विरळ झालेली आणि आतले मावे काळपट, फुगलेले, हलेनासे. भिंग लावलं. एकेका माव्याला गोल भोक. सुईनं पाडावं इतकं नेमकं. आणि त्या रिकाम्या कातड्यांवरून एक काळी माशी, पाठीवर पिवळा ठिपका घेऊन, शिंगांसारख्या मिशा आपटत निवांत चालली होती.

"भाऊसाहेब!" मी उसातूनच ओरडले.

ते धावत आले. "साप चावला का काय?"

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग टोपी काढून घाम पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "आपलीच हाय." जणू लग्न होऊन लांब गेलेली लेक बाजारात दिसली.

हौसाबाईंनाही दाखवलं. आतून खाण्याचा सगळा प्रकार सांगितला. त्यांनी तोंडाला पदर लावला. "आगं बाई, लई वाईट मरन." मग पुन्हा भिंगाला डोळा लावून म्हणाल्या, "पन मावाबी काय गुनाचा न्हाई." खरं सांगायचं तर त्यांच्या उसात माशी एकटी नव्हती, माव्यावर जगणारी एक अळीही होती. औषध न पडल्यामुळं सगळाच परिवार टिकून राहिला होता.

मी म्हणाले, "मावशी, हा ऊस आता कुणी हात लावायचा नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "हात लावायचा न्हाई कसा? सकाळच्याला ड्रोन येनार हाय. रंगनाथअण्णानं लई मागं लागून हो म्हनायला लावलं. त्याचा ऊस शेजारी. म्हनतो, तुज्या वावरातून आमच्यात येतो. गावाशी वाकडं घिऊन कुटं जाऊ, मॅडम?"

रंगनाथअण्णा त्या भागातले मोठे बागायतदार. त्यांनी एक शब्द टाकला की चारीकडचे सगळे तसंच करायचे. मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "शेतकऱ्यांनी आपसात ठरवलेलं मी कसं मोडू? तुम्ही पटवून पाहा."

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा बांधावर ड्रोन मांडलेला होता. चालवणारी पूनम, शेजारच्या गावची सून. बचत गटातून प्रशिक्षण घेऊन तिनं ड्रोन घेतला होता आणि तालुक्यात तिचं नाव व्हायला लागलं होतं. ती बॅटरी बसवत होती. रंगनाथअण्णा पांढऱ्या कपड्यांत, हात मागं बांधून उभे. हौसाबाई गोठ्याच्या दारातून पाहत होत्या.

मी अण्णांना पान दाखवलं, भिंग दिलं. त्यांनी पाहिलं आणि भिंग परत दिलं.

"मॅडम, आसंल तुमची माशी. पन माझा ऊस जळून चाललाय. ही माशी माझा ऊस कधी वाचवनार?"

"थोडे दिवस लागतील."

"थोडे म्हंजी किती? माव्याला सांगता का तवर थांब म्हनून?"

मागं उभे असलेले हसले. एरवी मीही हसले असते. या एका तुकड्यात माशी होती. आज इथं औषध पडलं तर सगळं संपणार होतं. मी पूनमकडं वळले. "तू तरी आजच्या दिवस थांब."

ती बॅटरीवरचा हात न काढता म्हणाली, "मॅडम, मी आत्ता कुठं उभी राहतेय. आज माघारी गेले तर उद्या मला कोण बोलवणार?" तिचं चूक नव्हतं. माझ्याकडं तिला द्यायला काही नव्हतं.

मी पान तिच्यापुढं धरलं. "एवढंच बघ. मावा कुठं बसलाय?"

तिनं पान घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग ड्रोनकडं पाहिलं. नंतर अण्णांना म्हणाली, "अण्णा, एक सांगू का? मागच्या आठवड्यात ज्यांच्या उसात मी मारलं, त्या सगळ्यांनी मला परत बोलवलंय. मला वाटलं माझं काम आवडलं. आता कळलं. माझं औषध वरून पडतंय आणि हे खाली बसलंय."

"मंग?"

"मंग हे मारून तुमचा मावा जाणार न्हाई. मी मारीन, तुम्ही म्हणाल तर. पण जाणार न्हाई."

आपल्याच धंद्याविरुद्ध अशी साक्ष देणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. अण्णांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "दसऱ्यापतुर थांबतो," ते म्हणाले. "आन् न्हाई झालं तर?"

"तर मी सभेत उभी राहून सांगेन की ही माशी काही कामाची नाही आणि मी सगळी नोकरी फुकट घालवली."

"सांगाल?"

"सांगेन."

भाऊसाहेब माझ्याकडं असे पाहत होते की जणू मी त्यांचीही नोकरी डावावर लावली आहे. लावलीच होती.

त्याच दिवशी आम्ही हौसाबाईंच्या उसातली पानं कापली आणि अण्णांच्या उसात शिरून पानाखाली टाचली. पूनमनं ड्रोन गाडीत ठेवला आणि स्टेपलर हातात घेतला. तिच्या बचत गटातल्या बायका दुपारी आल्या. अण्णा बांधावर उभे राहून पाहत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "द्या एक माझ्याकडं. माझाच ऊस हाय."

पुढचे दिवस मात्र कठीण गेले. माशी सोडली की लगेच काही दिसत नाही, उलट सुरुवातीला मावा वाढतो. माशीची एक पिढी होईतो माव्याच्या दोन-तीन होतात. अण्णांचा ऊस आणखी पांढरा झाला. गावात लोक म्हणायला लागले, मॅडमनी अण्णाच्या वावरात मावा टाचला. एका बाजारच्या दिवशी राहात्यात भाजी घेताना मागून आवाज आला, "ही बघ, मावावाली." मी वळून पाहिलं नाही, पण त्या दिवशी गवार घ्यायची विसरले. साहेब रोज विचारायचे, मी रोज "अजून थोडं" म्हणायचे. मला शास्त्र ठाऊक होतं, आधी कितीदा घडलेलं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी पाऊस पडला की वाटायचं माश्या धुवून गेल्या, ऊन पडलं की वाटायचं वाळल्या.

घट बसले. दसरा जवळ आला. मी अण्णांच्या उसाकडं जायचं टाळत होते. प्रयोगशाळेत बसून जुनी भिंगं पुसत होते, तेव्हा फोन वाजला. अण्णांचा. मी उचलला आणि काही बोलायच्या आत पलीकडून ओरडणं सुरू झालं.

"मॅडम! भोकं! भोकं पडली!"

"कुठं?"

"कुटं म्हंजी? सगळ्या माव्याला! नातवाचं शाळेतलं भिंग घेतलं म्या. रोज बघतोय, कुनाला सांगितलं न्हाई. आज बघतो तर सगळ्या माव्याला भोकं! तुमी या. आत्ता या. भाऊसायबालाबी आना."

आम्ही गेलो तेव्हा अण्णा उसातच होते. पांढऱ्या सदऱ्यावर काळी बुरशी, टोपीवर पानांचा कचरा. एकेक पान उलटून दाखवत होते, जसं काही हे मला नवीन होतं. "ही बघा. ही बघा. हितंबी." शेंड्याचं नवं पान हिरवंगार होतं, खालून आणि वरूनही. मी हात फिरवला, हाताला काही लागलं नाही. नुसतं पान. भाऊसाहेबांनी सरीत उभं राहून मोठ्यानं शिट्टी वाजवली. इतक्या वर्षांत मला त्यांना शिट्टी येते हेच माहीत नव्हतं.

त्यानंतर जे झालं त्याला मी दिवाळीच म्हणेन. अण्णांनी फोनवरून सगळ्यांना फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "कुनी फवारू नका." दुसऱ्या दिवसापासून हौसाबाईंच्या दारात मोटरसायकली लागल्या. कोपरगावकडून, श्रीरामपूरकडून, पार संगमनेरकडून. ज्या माणसांनी त्यांना शिव्या घातल्या होत्या ती माणसं हात जोडून म्हणत होती, "मावशी, तुमच्या उसातला मावा द्या थोडा." हौसाबाई खाटेवर बसून निवाडा द्यायच्या. "औषद मारलंय का? मारलं आसंल तर आदी थांबा, मग या. फुकट माझ्या माश्या मारू नका." बचत गटाच्या बायका पानं कापायच्या, टोमॅटोच्या क्रेटमध्ये ओल्या गोणपाटाखाली रचायच्या आणि कशी टाचायची ते करून दाखवायच्या. पूनम सगळ्यांच्या पुढं. शिर्डीत हॉटेल असलेले एक मालक मोठ्या पांढऱ्या गाडीतून आले आणि गाडीत चिकटा लागेल म्हणून क्रेट ठेवायला जागा सापडेना. शेवटी त्यांनी क्रेट मांडीवर घेतला आणि प्रसादाचं ताट न्यावं तसा दोन्ही हातांनी धरून गेले.

एकेका गावातून फोन यायला लागले. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, "भोकं पडली." साहेबांनी ड्रोनच्या फवारण्या थांबवल्या. पूनमचं काम थांबलं नाही. मावा गेलेल्या उसाला वरून सूक्ष्म अन्नद्रव्यं द्यायला लोकांनी तिलाच बोलावलं, कारण हिनं आपल्याला खरं सांगितलं, हे सगळ्यांना कळलं होतं.

वार्षिक सभेत मला काही बोलावं लागलं नाही. रंगनाथअण्णा उठले आणि माईक घेऊन म्हणाले, "माझी सूचना हाय. कारखान्यानं कायमचा मावा पाळावा." मांडवात हशा झाला, पण टाळ्याही झाल्या आणि ठराव मंजूर झाला. माझे वडील ते ऐकायला राहिले नव्हते. जाळीघर परत मिळालं. त्यात हौसाबाईंच्या खोडव्यातली माशी सोडली. आता माझ्या जागी आलेली मुलगी तिला जेवायला घालते.

मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. शेवटच्या आठवड्यात एकदा सवयीनं चारीच्या रस्त्यानं गेले. तोड सुरू होती. पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोड टोळ्या फडात उतरल्या होत्या, कोयत्यांचा आवाज येत होता. एक बाई मोळी बांधत होती. तिचं दीड-दोन वर्षांचं लेकरू बांधावर उसाचं कांडकं चोखत बसलं होतं. मी सहज विचारलं, बाळाला एवढ्या लांब घेऊन आलात?

"येनार नव्हते घिऊन," ती म्हणाली. "मागल्या साली पांढऱ्या उसात तोड केली आमी. आंगाला नुसती खाज, त्ये पांढरं लेकराच्या डोळ्यात जायचं. रातभर रडायचा. म्हनून औंदा आईपाशी ठिवनार हुते. मग मुकादम म्हनला, तिकडं मावा न्हाई राहिला. मंग आनलं."

"मुकादमाला कुणी सांगितलं?"

"काय ठावं. कुनीतरी सांगितलं आसंल."

ऊस वाचला, साखर वाचली, वाढं वाचलं, हे सगळं मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी तोडणाऱ्या बाईच्या अंगाचा विचारच केला नव्हता. मी तिला माशीबद्दल सांगायला तोंड उघडलं, पण तिला पुढची मोळी बांधायची होती. तिनं शेंड्याचं हिरवं वाढं उचललं, त्याची सुबक पेंढी वळली आणि माझ्या हातात दिली.

"गाईला न्या, बाई. लई गोड हाय औंदा."

माझ्याकडं गाय नाही. मी पेंढी घेतली आणि एसटीत खिडकीशी मांडीवर धरून घरी आणली.